सर्वांत जास्त बदललेलं जनुक गुन्हेगार? मग नाकावर खटला भरा

‘एआयनं कॅन्सरचं जनुक शोधलं! रक्ताच्या एका थेंबात ज्या जनुकात सर्वांत जास्त बदल, तेच मूळ. बायोप्सी करू नका, गाठ पसरते.’ इंदूरच्या मराठी ग्रुपांत फिरत फिरत हा फॉरवर्ड रामबागेतल्या मावशीपर्यंत पोचला आणि ती ठरलेली बायोप्सी रद्द करायला निघाली. म्हणून हा खटाटोप.

‘सर्वांत जास्त बदल, तेच मूळ.’ स्नायूतल्या टायटिन या प्रथिनाचं जनुक घ्या. त्या प्रथिनात सुमारे ३५ हजार अमिनो आम्लं (प्रथिनाचे मणी), तर टीपी५३ या कॅन्सरच्या खऱ्या गुन्हेगार जनुकाच्या प्रथिनात ३९३. एवढ्या लांबलचक जनुकात नुसत्या योगायोगानंही ढीगभर बदल सापडणारच. २०१३ साली लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हा घोळ उघडा पाडला. फुप्फुसाच्या स्क्वॅमस प्रकारच्या कॅन्सरचे १७८ नमुने जुन्या पद्धतीनं चाळले, तर ४५० जनुकं ‘गुन्हेगार’ निघाली. त्यात वास ओळखणाऱ्या रिसेप्टरांचीसुद्धा! फुप्फुसातल्या गाठीला वासाशी काय देणंघेणं? पेशी विभागताना ज्या जनुकांची नक्कल उशिरा होते, जी पेशीत फारशी वापरात नसतात, तिथे चुका जास्त साचतात, एवढंच. प्रत्येक जनुकाचा चुकांचा मूळ दर वेगळा धरून हिशोब केला तेव्हा ४५० ची ११ उरली.

बदल किती, यापेक्षा कुठे आणि कसले, हे बघायचं असतं. केरास या खऱ्या गुन्हेगार जनुकात ते पुन्हापुन्हा १२व्या स्थानी येतात. एपीसी या दुसऱ्या गुन्हेगारात विखुरलेले असतात, पण बहुतेक प्रथिन मध्येच तोडणारे. टायटिनमध्ये असा कुठलाच ठसा नसतो.

‘रक्ताचा एक थेंब.’ अर्धसत्य, कबूल. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये प्लाझ्मातून (रक्तपेशी वगळून उरलेल्या द्रवातून) ईजीएफआर जनुकाचा बदल बघून गोळी ठरवतात. पण त्याला थेंब पुरत नाही, साधारण १० मिलीच्या दोन नळ्या लागतात. आणि निगेटिव्ह आलं तर शेवटी गाठीचाच तुकडा बघावा लागतो. शिवाय वयाबरोबर निरोगी रक्तपेशींतही डीएनएमटी३ए, टेट२ ही जनुकं बदलतात. बदल सापडला म्हणजे कॅन्सर सापडला, असं होत नाही.

एआयचं म्हणाल, तर २०१८ मध्ये ९,४२३ गाठींच्या डीएनएवर २६ संगणकी साधनं चालवून २९९ जनुकांची यादी झाली. ‘ते एक’ जनुक कुठलं, हे फॉरवर्डवाल्यांनाच ठाऊक.

राहिली बायोप्सी. सुईच्या वाटेत पेशी सांडणं अगदी क्वचित घडतं. जिथे तो धोका असतो तिथे डॉक्टर वाटच वेगळी धरतात. आणि तुकडाच नसेल तर संगणकाला घालणार काय? गाठीच्या डीएनएतून त्याच माणसाच्या रक्तातला डीएनए वजा केला, की उपजत फरक गळतात. रक्ताची जोड नसेल तर लोकांच्या डीएनएच्या सार्वजनिक डेटाबेसवर चाळावं लागतं. त्यांत भारतीय कमी, त्यामुळे आपल्याकडचे निरुपद्रवी फरकही कॅन्सरचे म्हणून रिपोर्टात घुसतात. नमुना टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये जास्त राहिला तर डीएनएच्या अक्षरांत सीच्या जागी टी असे खोटे बदल दिसतात, तो ताप वेगळाच. मावशीनं जनुकचाचणी करायचीच ठरवली, तर लॅबला दोन गोष्टी विचाराव्यात: तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किती तास होता, आणि सोबत रक्ताची नळी घेणार का.