फुलस्क्रीन बॅकग्राउंडला तीन ओळी पुरत नाहीत

वेब डिझाइन शिकणाऱ्यांमध्ये एक दावा सर्रास फिरतो: सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, ‘बॅकग्राउंड-साइझ: कव्हर’, ‘हाइट: १००व्हीएच’ आणि ‘बॅकग्राउंड-अटॅचमेंट: फिक्स्ड’ एवढ्या तीन ओळी लिहिल्या की चित्र कोणत्याही स्क्रीनवर अचूक बसते आणि पुढे काहीच करावे लागत नाही. डेस्कटॉपवर हे खरे वाटते. दावा करणाऱ्यांनी तो बहुधा तिथेच तपासलेला असतो.

‘कव्हर’ चित्राचे प्रमाण बिघडू देत नाही हे मान्य, पण जागा पूर्ण भरताना जे मावत नाही ते कापून टाकते. १९२०×१०८० चे आडवे चित्र ३९०×८४४ च्या मोबाइल स्क्रीनवर उंचीला जुळवले की त्याची रुंदी १५०० होते आणि त्यातले ३९०, म्हणजे जेमतेम २६ टक्के, दिसतात. लग्नाच्या संकेतस्थळावर नवरा डाव्या कडेला आणि नवरी उजव्या कडेला असलेला फोटो ‘सेंटर’ पोझिशनने लावला, तर मोबाइलवर अंतरपाट तेवढा उरतो. पोझिशन दिलीच नाही, तर चित्र वरच्या डाव्या कोपऱ्याला चिकटते आणि नवरी चौकटीबाहेर जाते. उभ्या स्क्रीनसाठी मीडिया क्वेरीतून (स्क्रीननुसार लागू होणाऱ्या सीएसएस नियमातून) वेगळे, उभे चित्र देणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

‘१००व्हीएच’ची, म्हणजे स्क्रीनभर उंचीची, अडचण वेगळी आहे. आयफोनच्या सफारीत ही उंची अ‍ॅड्रेस बार आक्रसला आहे असे धरून मोजली जाते, त्यामुळे पान उघडताच तळाचा भाग, आणि नेमके तिथलेच बटण, दृष्टीआड जाते. यासाठीच २०२२ मध्ये सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८ मध्ये एसव्हीएच (बार दिसत असतानाची छोटी उंची), एलव्हीएच (बार आक्रसल्यावरची मोठी उंची) आणि डीव्हीएच (बारनुसार बदलणारी उंची) ही एकके आली. त्यांतल्या डीव्हीएचवर मात्र हुरळून जाऊ नये, कारण बार सरकला की उंची बदलते आणि चित्र हिसका खाते. बॅकग्राउंडसाठी एसव्हीएच बरे, तेही ‘मिन-हाइट’मध्ये (किमान उंचीत), म्हणजे मजकूर वाढला तरी बाहेर सांडत नाही.

स्क्रोल करतानाही चित्र जागेवर खिळवून ठेवणाऱ्या ‘फिक्स्ड’वर आयफोनमध्ये विसंबता येत नाही. जिथे ते चालते तिथेही ‘कव्हर’चे माप घटकावरून नव्हे, तर व्ह्यूपोर्टवरून, म्हणजे पान दिसते त्या पूर्ण चौकटीवरून, ठरते, म्हणून छोट्या विभागात चित्राचा भलताच तुकडा दिसतो.

राहिला ‘पुढे काहीच नाही’ हा भाग. सीएसएसमधले चित्र ब्राउझरच्या प्रीलोड स्कॅनरला (पानाचा एचटीएमएल चाळून फायली आधीच मागवणाऱ्या भागाला) दिसत नाही, त्यामुळे ते उशिरा मागवले जाते, आणि त्याला ऑल्ट मजकूरही (चित्राचे शब्दांतले वर्णन) देता येत नाही. चित्र हाच पानाचा मुख्य आशय असेल, तर इमेज टॅग आणि ‘ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’ वापरावे.