देणगी मागावी कशी?

गणपती जवळ आले की वर्गणीच्या पावती पुस्तकांबरोबर सामाजिक संस्थांची आवाहनेही व्हॉट्सॲपवर येऊ लागतात. त्यांतल्या बहुतेकांत एक रडवेला चेहरा, एक क्यूआर कोड आणि ‘फूल ना फुलाची पाकळी’ एवढेच असते. रक्कम किती हवी, कशासाठी हवी आणि गेल्या वर्षी जमलेल्या पैशाचे काय झाले, याबद्दल अवाक्षर नसते. साधने नवी असली तरी देणगी मागण्याची जुनी रीत सुटली की मोहीम फसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण घ्या. १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढताना त्यांनी आधी स्वतःची शिल्लक त्यात घातली आणि मगच लोकांपुढे हात पसरला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि सुट्टी लागली की गावोगाव वर्गणी मागत फिरायचे, असा त्यांचा क्रम होता. विधवाविवाह केल्यामुळे स्वतःच्याच गावाने ज्यांना वाळीत टाकले होते, त्यांनी हे करावे, याला मोठे धैर्य लागते. त्यांनीच पुढे काढलेल्या महिला विद्यापीठाला मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले ते १९२० मध्ये, म्हणजे आश्रम सुरू होऊन जवळजवळ पाव शतक लोटल्यावर. अनेक संस्थाचालक अशा ठाकरसींच्या शोधात असतात. त्याआधीची चिल्लर गोळा करण्याची वर्षे मात्र कोणाला नको असतात. खुद्द कर्वे एवढी देणगी मिळाल्यावरही थांबले नाहीत. सत्तरी उलटल्यावर विद्यापीठाच्या निधीसाठी ते परदेशात हिंडले आणि १९३६ नंतर खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी पुन्हा दारोदार फिरू लागले.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाचे मला त्याहून कौतुक वाटते. घरची बाई रोज मूठभर धान्य बाजूला काढायची आणि त्यावर वसतिगृहातल्या मुलांची भाकरी भागायची. ज्या घरात रोख पैसा नव्हता, त्या घरालाही देता येईल असेच त्यांनी मागितले. शिवाय आपली मूठ कोणाच्या पोटात जाते, हे देणाऱ्या बाईला ठाऊक होते. आजच्या भाषेत याला मासिक देणगी म्हणतात, आणि संस्थेचा नेहमीचा खर्च अशाच देणग्यांवर चालू शकतो.

पावतीचेही तसेच आहे. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर ऐंशी-जी म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकराची सवलत मिळत नाही आणि सवलतीसाठी लागणारे देणगीचे प्रमाणपत्र संस्थेनेच द्यायचे असते, ही गोष्ट देणगीदाराला आधी सांगितली पाहिजे; मार्चअखेर त्याला फोन करायला लावणारी संस्था पुढच्या वर्षी त्याला गमावते. ‘लोकसत्ता’च्या ‘सर्व कार्येषु सर्वदा’ या उपक्रमात वाचकांचे धनादेश थेट त्या त्या संस्थेच्या नावे काढले जातात, हे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. पैसा मध्ये कुठे थांबत नाही, हे देणाऱ्याला दिसते.

राहता राहिला पगारांचा प्रश्न. ‘तुमचा प्रत्येक रुपया थेट मुलांपर्यंत पोहोचतो’ असे छापणाऱ्या संस्थेत हिशेब कोण लिहितो, गाडी कोण चालवते आणि त्यांची चूल कशावर पेटते? देणगीदारांना पगार खपत नाहीत, म्हणून संस्था तो खर्च लपवतात, हा दोष दोन्हीकडचा आहे. शंभरातले किती रुपये कार्यकर्त्यांच्या मानधनाला जातात, हा आकडा आवाहनातच ठळक छापावा. त्यामुळे काही देणगीदार गळतील, त्यांना खुशाल गळू द्यावे.