स्कॅन झालं म्हणजे जतन झालं नाही

‘पोथी स्कॅन करून नेटवर टाकली की ती अमर झाली, संशोधकांना घरबसल्या खुली झाली, मग जुने कागद सांभाळायचा खर्च हवाच कशाला?’ असं हल्ली सर्रास फॉरवर्ड होतं. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी ‘अमर’. इंग्लंडच्या राजाने 1086 साली जमिनींची मोजदाद करून डूम्सडे बुक लिहून घेतलं. 1986 मध्ये बीबीसीने तशीच नवी नोंद केली. लोकांनी आपापल्या गावाची माहिती आणि फोटो पाठवले, ते लेझर डिस्कवर भरले गेले. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली आणि जुन्या संगणकाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहून माहिती सोडवायची वेळ आली. चर्मपत्रावरचा मूळ ग्रंथ मात्र लंडनमध्ये क्यू इथे आजही वाचता येतो. फाइललाही पोथीइतकीच देखभाल लागते: वेगवेगळ्या गावी प्रती, ठरावीक काळाने चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा; फाइल बिघडली तर तो बदलतो) जुळवणं, फॉरमॅट जुना झाला की नव्यात नेणं. स्कॅनिंगच्या टेंडरमध्ये यासाठी बहुतेकदा पैसाच धरलेला नसतो. माझा खरा राग त्यावर आहे.

‘खुली’ म्हणाल, तर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया, म्हणजे जुनी पुस्तकं स्कॅन करून नेटवर ठेवण्याचा सरकारी मदतीचा प्रकल्प, आठवा. कितीतरी जुनी मराठी पुस्तकं तिथे स्कॅन झाली, पण नावं रोमन लिपीत, वाटेल त्या स्पेलिंगने. ‘ज्ञानेश्वरी’ देवनागरीत शोधून हाती काय लागणार? पुढे ती साइटच बंद पडली. आज ती पुस्तकं मिळतात, ती इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर कुणीतरी प्रती चढवून ठेवल्या म्हणून.

राहिला मूळ प्रतीचा खर्च. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक प्रत तेराव्या शतकात खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. 1906 मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने तिचे फोटो काढले. नंतर हरवलेल्या पानांसाठी आज तेच फोटो आधार आहेत, हे खरं. पण फोटो आहेत म्हणून मूळ टाकून दिलं असतं तर? बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयाच्या प्रकल्पात तीच पानं वेगवेगळ्या प्रकाशलहरींत आणि क्ष-किरणांखाली तपासली, तेव्हा हायबर्गला न दिसलेल्या ओळी वाचता आल्या. हायपेराइडीस या अथेन्सच्या वक्त्याची भाषणंही त्यात निघाली. 2008 मध्ये या सगळ्या प्रतिमा, त्यांच्या वर्णनासकट, मुक्त परवान्याखाली जगासमोर ठेवल्या गेल्या. कुणीही त्या उतरवून घ्याव्यात आणि नव्याने वाचाव्यात.