रचना कोणाची, तेही लिहा

आज सकाळी ओरिगामी, म्हणजे कागदाला घड्या घालून आकृत्या घडवण्याच्या कलेच्या, संमेलनाच्या छायाचित्रांचा एक अल्बम पाहिला आणि तेव्हापासून कशात मन लागत नाही. एकूण 217 छायाचित्रे आहेत. ड्रॅगन आहेत, भुंगे आहेत, खवल्याखवल्यांचे मासे आहेत, तीस तुकडे एकमेकांत अडकवून केलेले सोनोबेचे गोळे आहेत, आणि या सगळ्यांवर मिळून एकच ओळ आहे : "धमाल आली, बघा काय काय केले!" एकाही मॉडेलखाली रचनाकाराचे नाव नाही. त्यातली निम्मी मॉडेल तर अल्बम टाकणाऱ्या गृहस्थांनी घडवलेलीही नाहीत, ती प्रदर्शनाच्या टेबलावरची आहेत. त्या टेबलावर प्रत्येक मॉडेलपुढे रचना कोणाची आणि घड्या कोणी घातल्या अशी दोन नावे लिहिलेले कार्ड होते, हे मी स्वतः पाहिले आहे. छायाचित्र घेताना ते कार्ड चौकटीबाहेर ठेवलेले स्पष्ट कळते, कारण दोन-तीन ठिकाणी कार्डाचा पांढरा कोपरा आत डोकावतो आहे.

तुमच्यापैकी कोणाला हे समजावून सांगायची गरज नाही. ज्याने एकदा तरी रात्री दोन वाजता क्लोज्ड सिंकशी, म्हणजे टोक मिटल्या घड्यांतून आत दाबायच्या अवघड घडीशी, झटापट करून कागद फाडला आहे, त्याला पक्के ठाऊक असते की घड्या घालणे ही एक मेहनत आणि त्या घड्या मुळात सुचणे ही वेगळीच. चाल बांधणारा आणि गाणारा यांत आपण कधी गल्लत करत नाही. मग कागदाच्या बाबतीतच ती का व्हावी?

माझ्या पहिल्या संमेलनाची गोष्ट मी तुम्हांला अर्धीमुर्धी सांगितलेली आहे. शेवटचा दिवस होता आणि सभागृहात खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. टेबलाच्या टोकाला एक वयस्कर गृहस्थ बसले होते, त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना. पंधरा सेंटिमीटरचा चौरस, एका बाजूने राखाडी आणि दुसऱ्या बाजूने पांढरा, एवढाच कागद त्यांच्यासमोर होता. ते घडी घालताना कागद टेबलावर टेकवतच नव्हते, सगळे काम हवेत चालले होते, आणि प्रत्येक घडीवरून अंगठ्याच्या नखाची पाठ एकदाच फिरत होती. बघता बघता एक बदक तयार झाले, मान मागे वळवून पाठीत चोच खुपसून झोपलेले. पंखाच्या कडेला कागदाची मागची बाजू बाहेर आणून त्यांनी एक बारीक पांढरी रेघ काढली होती. ते बदक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले, एक कोरा चौरस उचलून माझ्यासमोर धरला आणि भुवया उंचावल्या. शिकायचे आहे का, एवढाच त्याचा अर्थ होता.

मी हातानेच 'नंतर' अशी खूण केली. प्रदर्शन आवरायला घेतले होते आणि मला छायाचित्रे काढायची होती.

परत आले तेव्हा ते टेबल रिकामे होते.

आज सकाळी मी त्या अल्बमवाल्या गृहस्थांना सभ्य शब्दांत निरोप पाठवला की जमल्यास नावे लिहावीत. उत्तर आले : "एवढे काय त्यात? कागदच तर आहे." हे वाक्य बाहेरच्या कोणी उच्चारले असते तर मी सोडून दिले असते. पण तीन दिवस आपल्याबरोबर त्याच टेबलांवर बसून, शिकवणाऱ्याच्या हातातल्या मोठ्या कागदाकडे टक लावून, "जरा परत दाखवाल का" असे चार वेळा विचारून ज्याने ते मॉडेल पदरात पाडून घेतले, त्याने हे म्हणावे? कागदच तर आहे म्हणून 2011 साली सहा ओरिगामी रचनाकारांना न्यायालयात जावे लागले होते. त्यांचे क्रीज पॅटर्न, म्हणजे मॉडेल उलगडल्यावर कागदावर दिसणाऱ्या घड्यांच्या रेषांचे नकाशे, एका चित्रकर्तीने रंगवून आपली चित्रे म्हणून मांडले होते आणि मूळ रचना कोणाच्या याचा उल्लेख नव्हता. रॉबर्ट लँग यांच्यासारखा लेझरवर संशोधन केलेला भौतिकशास्त्रज्ञ त्या सहांत होता. 2013 मध्ये समझोता झाला आणि त्या चित्रांसोबत मूळ रचनाकारांची नावे द्यायचे ठरले. म्हणजे शेवटी जे ठरले, ते प्रदर्शनाच्या टेबलावरच्या कार्डाइतकेच होते.

हो, पारंपरिक मॉडेलांना रचनाकार नसतो, हे मान्य. 1797 साली जपानमध्ये छापलेल्या एका पुस्तकात एकाच कागदातून घडवलेल्या, एकमेकांना जोडलेल्या क्रेन पक्ष्यांच्या 49 रचना आहेत, पण साधा क्रेन पहिल्यांदा कोणी घडवला हे कोणी सांगू शकत नाही. अशा ठिकाणी 'पारंपरिक' एवढा शब्द लिहिला तरी पुरते. आणि हो, नवशिक्याला आनंदाच्या भरात नावे आठवत नाहीत, हेही मान्य. मात्र 217 वेळा आठवू नयेत?

जपानी ओरिगामी कलावंत अकिरा योशिझावा यांचे उदाहरण मला यासाठीच नेहमी आठवते. घडी कशी घालायची हे शब्दांविना सांगता यावे म्हणून त्यांनी रेघा आणि बाण यांची एक चिन्हपद्धती तयार केली आणि 1954 च्या आपल्या पुस्तकात ती वापरली. पुढे 1961 च्या सुमारास रॉबर्ट हार्बिन आणि सॅम्युएल रँडलेट यांनी तिच्यात थोडी भर घातली आणि ती जगभर रुळली. तुटक रेघ दिसली की व्हॅली फोल्ड, म्हणजे दरीसारखी आत जाणारी घडी, रेघ आणि टिंबांची साखळी दिसली की माउंटन फोल्ड, म्हणजे डोंगरासारखी वर येणारी घडी, मग पुस्तक कोणत्याही भाषेतले असो. ही सोय असताना त्या गृहस्थांकडून शिकायला मला त्यांची भाषा येण्याची गरजच नव्हती. नुसते खाली बसायला हवे होते.

त्या बदकाचे पुढे काय झाले तेही सांगते. दोन महिने ते कपाटात ठेवले. कोणत्याच पुस्तकात सापडेना, कोणाला विचारावे तर 'झोपलेले बदक' एवढ्यावरून कोणाला काही कळेना, कारण तशी बदके अनेकांनी केली आहेत. शेवटी एका दुपारी ठरवले की ते उलगडून पाहायचे आणि पुन्हा घडवायचे. हावरटासारखी सगळे संमेलन छायाचित्रांत भरून आणणाऱ्या मला, उलगडताना प्रत्येक टप्प्याचे एकेक छायाचित्र काढावे, एवढे मात्र सुचले नाही. मान निघाली, पंख निघाले, बर्ड बेससारखे, म्हणजे क्रेन ज्यातून घडतो त्या पायाभूत आकारासारखे, काहीतरी दिसले, आणि मग एकदम सपाट चौरसच हातात आला.

तो चौरस अजून माझ्याकडे आहे आणि मी त्याच्यावर पंधरा-वीस वेळा तरी प्रयत्न केला आहे. जून माएकावा यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आपण सगळे शिकलो आहोत : सपाट बसणाऱ्या घडीत एका बिंदूपाशी मिळणाऱ्या माउंटन आणि व्हॅली घड्यांच्या संख्येत फरक नेहमी दोनचाच असतो. शेपटीपाशी एका बिंदूत सहा रेषा मिळतात, तीन माउंटन आणि दोन व्हॅली ओळखता आल्या, त्यामुळे सहावी माउंटनच असणार हे कळले आणि शेपटी जमली. मानेपाशी मात्र आठ रेषा आहेत. त्यांतल्या काही नुसत्या खुणेसाठी आधी घालून ठेवलेल्या असणार, कारण त्या दोन्हीकडे दुमडलेल्या आहेत आणि त्यांचा उंचवटा कोणत्याच बाजूला लागत नाही. शिवाय कोणती घडी आधी आणि कोणती नंतर, हे कागद कधीच सांगत नाही. माझे बदक प्रत्येक वेळी मान वर काढून जागेच राहते.

इथवर लिहिल्यावर मी माझा तो जुना अल्बम उघडला. खरे तर या पोस्टला छायाचित्र हवे म्हणून उघडला होता. त्यात 183 छायाचित्रे आहेत. नावे असलेली किती, ते मोजले : अकरा. बदकाच्या छायाचित्राखाली मी 'माझे सगळ्यात लाडके' असे लिहिले आहे, आणि त्याखाली कोणीतरी म्हटले आहे, "किती सुंदर घडवलेस!" त्यावर माझे उत्तर आहे, "धन्यवाद."

मला हे उत्तर आठवतच नव्हते. की आठवत होते आणि म्हणूनच आज एवढी चिडले, हे आता नक्की सांगता येणार नाही.

सकाळच्या त्या गृहस्थांसाठी मी दुसरा, बराच तिखट निरोप लिहून ठेवला होता, तो पुसून टाकला. त्याऐवजी दुपारभर बसून त्यांच्या अल्बममधली मला ओळखू आलेली मॉडेल क्रमांकासह लिहून काढली. 64 निघाली. त्यांना ती यादी पाठवली आहे, अजून त्यांनी ती पाहिलेली नाही. नावे लिहायलाच हवीत या मतावर मी ठाम आहे, त्यात बदल नाही. माझ्या जुन्या 'धन्यवाद'खाली आज लिहिले : "ही घडण माझी नाही. रचना कोणाची ते मला विचारायचे राहिले." बाकीच्या 172 छायाचित्रांचे काम या आठवड्यात करते आहे, तुम्हांला ओळखू येतील ती नावे तिथेच लिहा.

खाली दोन छायाचित्रे देते आहे. पहिले त्या बदकाचे, उलगडण्याआधीचे. दुसरे त्या चौरसाचे, दिवा बाजूने तिरका धरून काढलेले, म्हणजे घड्यांच्या सावल्या दिसतील. वरच्या कोपऱ्यापासून साधारण एक तृतीयांशावर त्या आठ रेषा मिळतात. कोणी हे बदक घडवलेले असेल, शिकलेले असेल किंवा नुसते कुठे पाहिलेले असेल तर कृपा करून लिहा. आणि दोनच ओळी लिहिणार असाल तर घडी कशी घालायची ते नंतर सांगा, आधी नाव सांगा.