जपानी इंजिन ‘नव्यासारखं’ असतं? आधी उघडून बघा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं आणि कितीतरी गाड्यांच्या इंजिनांत पाणी गेलं. तेव्हापासून आपल्या मराठी मंडळींच्या फोनवर एक मजकूर फिरतोय. अजूनही कुणी ना कुणी तो मला दाखवायला येतं. मजकूर थोडक्यात असा: ‘इंजिन बांधण्यात पैसे घालू नका, बांधलेलं इंजिन टिकत नाही. जपानमध्ये ५०,००० किलोमीटर झाले की सरकार गाडी मोडीत काढायला लावतं. तीच इंजिनं इथे येतात, नव्यासारखी असतात. बसवा आणि विसरा. अँबॅसडरमध्ये कंपनीनंच जपानी इंजिन टाकलं होतं. आरटीओत फक्त नंबर बदलून घ्यायचा.’

मी बडोद्याच्या मकरपुऱ्यात २३ वर्षं बोअरिंग (सिलिंडर आतून कापून सारखा करणं) आणि क्रँक ग्राइंडिंगचं (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा घासून सारखा करणं) काम करतोय. इंजिन बांधायला, म्हणजे उघडून झिजलेले भाग दुरुस्त करून किंवा बदलून पुन्हा जोडायला आलं, तर माझं पोट भरतं, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही या मजकुरापायी ओळखीच्या माणसांचे पैसे बुडताना बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

५०,००० किलोमीटरचा असा कायदा जपानमध्ये नाही. तिथे ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी आहे. नव्या खासगी गाडीला पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. ती खर्चीक असते, म्हणून गाडीला वय झालं की बरेच लोक ती विकून मोकळे होतात. पण ते गाडीमालक स्वतः ठरवतो, सरकार सांगत नाही. उलट पेट्रोल गाडी १३ वर्षांची झाली की तिथे वार्षिक कर वाढतो. ५०,००० किलोमीटरला गाड्या मोडीतच जात असत्या, तर १३ वर्षांच्या गाडीसाठी वेगळा कर कशाला ठेवला असता? तुमच्यापर्यंत आलेलं इंजिन ४०,००० चाललेलं असेल किंवा १,८०,०००, इंजिनाकडे बघून ते कळत नाही. किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डावर असतो, आणि इंजिनाबरोबर डॅशबोर्ड येत नाही.

आता ‘नव्यासारखं’. यावर जरा थांबतो, कारण पैसे इथेच बुडतात.

दांडिया बाजारातले एक काका आहेत, माझ्या वडिलांचे मित्र. त्यांच्या जुन्या सेदानचं इंजिन ऑइल खायला लागलं, सकाळी निळा धूर मारायचं. त्यांनी मजकूर वाचला, एका व्यापाऱ्याकडून बाहेरचं इंजिन घेतलं आणि बसवण्याआधी मन खातंय म्हणून टेम्पोत घालून माझ्याकडे आणलं. व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, ‘जापानी माल छे काका, खोलवानी जरूर नथी.’ वरून खरंच देखणं होतं. पण चंदेरी रंग बोल्टांच्या डोक्यांवरूनही मारलेला, आणि दोन बोल्टांचे कोपरे पान्यानं झिजलेले. व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेनं ताजं नारिंगी सिलिकॉन बाहेर आलेलं. म्हणजे हे इंजिन आधी कुणीतरी उघडलं होतं. ऑइल भरायचं झाकण काढलं, बोट आत फिरवलं, तर गुळाच्या काकवीसारखा काळा थर बोटाला लागला.

मग गिअरबॉक्स आणि स्टार्टर लावून कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते मोजलं. चारही स्पार्क प्लग काढलेले, थ्रॉटल (हवा आत घेणारी झडप) पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली, नाहीतर आकडे खोटे येतात. आले ते असे: १७२, १६८, ११८, १६५ पीएसआय. चार सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं, आकडा हलला नाही. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या असत्या तर तो वर गेला असता. म्हणजे हवा व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून जात होती. हेड उघडल्यावर एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला निघाला. काका खुर्चीत बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. पेन्शनीतून साठवलेले ४२,००० रुपये होते ते.

अशा इंजिनात हा काळा थर कुठून येतो? शहरात रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या केल्या की इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल आणि ओल ऑइलमध्ये उतरत राहते. मालकाला गाडी काढायचीच असेल तर शेवटचं ऑइलही तो बदलत नाही. पुढे इंजिन महिनोन् महिने कंटेनरात आणि गोदामात पडून राहतं. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तिथे खाऱ्या हवेनं भिंतीवर गंज चढतो. सील कडक होतात. म्हणून चांगलं इंजिन मिळालं तरी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे सील आणि गॅस्केटं बदलायचीच, हे धरून चला. बाहेरचं इंजिन निम्म्या किमतीत पडतं म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हा खर्च कधीच नसतो.

‘बसवा आणि विसरा’ तर मला सगळ्यात जास्त लागतं. जुनं इंजिन का मेलं, हे कुणीच विचारत नाही. आपल्याकडे मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात, म्हणे गाडी थंड चालते. थंड चालते म्हणूनच आत मळी बसते आणि पेट्रोल जास्त जातं. किंवा रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बोअरच्या पाण्याच्या क्षारानं बंद असतात. त्याच रेडिएटरवर दुसरं इंजिन चढवलं, की मे महिन्याच्या ४२-४३ अंशांत हायवेला तेही तापणार, हेड वाकणार, गॅस्केट उडणार. मजकूर लिहिणाऱ्याला तेव्हा कोण शोधणार?

इलेक्ट्रॉनिक्सची गोष्ट वेगळीच. २००० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत चावी, इमोबिलायझर (चोरीपासून वाचवणारं कुलूप) आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) यांचं एकमेकांशी जुळावं लागतं. इंजिन त्याच कोडचं, म्हणजे कंपनीच्या त्याच मॉडेल क्रमांकाचं नसेल तर सेन्सर वेगळे, वायरिंगचे प्लग वेगळे. मग कापून जोडलेल्या वायरी पहिल्या पावसाळ्यात हिरव्या पडतात. पेट्रोलचंही बघा. जपानमधलं साधं पेट्रोल किमान ८९ ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची ताकद) आणि आपलं त्याहून कमी नाही, तेव्हा साध्या इंजिनाला त्रास नाही. पण तिथलं हाय-ऑक्टेनवर चालणारं टर्बो इंजिन इथे साध्या पेट्रोलवर नॉक करू शकतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून आतून ठोके येतात. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. वीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाचे रबरी होज आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत.

अँबॅसडरचा दाखला खरा आहे. इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन तिच्यात कंपनीनंच टाकलं होतं. पण त्यासाठी माउंटिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं जुळवलं, आणि ती गाडी त्याच इंजिनासह मंजूर होऊन विकली गेली. गॅरेजमध्ये पट्टी वेल्ड करून बसवलेल्या इंजिनाशी त्याची तुलना होत नाही.

आरटीओत ‘फक्त नंबर’ बदलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबाबत आहे. इंजिन बदललं तर नोंदणी प्राधिकरणाला कळवावंच लागतं आणि आरसीवर नोंद व्हावी लागते. त्यासाठी १४ दिवसांची मुदत कायद्यात दिली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दरजीपुऱ्याला, बडोद्याच्या आरटीओत गेलात तर पहिला प्रश्न येईल, इंजिनाचं बिल कुठंय? कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या इंजिनाचं उत्तर तुमच्याकडे नसतं. विमा पॉलिसीवर जुना नंबर, ब्लॉकवर नवा, आणि त्यात अपघात झाला तर क्लेम कुठे अडकेल ते तुम्हीच बघा.

राहिलं ‘बांधलेलं इंजिन टिकत नाही’. घाईत बांधलेलं नाही टिकत, हे मी मान्य करतो. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) न मोजता नुसत्या रिंगा घातल्या, होनिंगच्या (ऑइल धरून ठेवायला भिंतीवर घासून काढलेल्या) तिरक्या रेषा न काढता पिस्टन चढवले, ब्लॉकच्या ऑइलवाटा धुतल्याच नाहीत, तर धूर परत येणारच. पण बोअर गेजनं वर-मध्ये-खाली मोजून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घातले, क्रँक मोजून त्याप्रमाणे शेल (क्रँकचे बेअरिंग) दिले, हेडची पातळी तपासली, की इंजिन वर्षानुवर्षं चालतं. काकांचं जुनं इंजिन माझ्याकडे कोपऱ्यात पडलं होतं. बोअर फक्त ०.२५ मध्ये साफ झाला. पहिले हजार किलोमीटर त्यांनी गाडी हळू चालवली, आणि गेल्या दिवाळीला तिच्यातूनच नाशिकला जाऊन आले.

कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, किंवा पिस्टन बाजारात मिळतच नसतील, तर वापरलेलं इंजिन घेणं योग्य आहे, मी स्वतः तसं सांगतो. फक्त त्याच कोडचं घ्या, पक्क्या बिलावर घ्या, आयातीचे कस्टमचे कागद मागा. कॉम्प्रेशन तुमच्यासमोर घ्यायला लावा, झाकण आणि ऑइल पॅन उघडायला लावा. व्यापारी नको म्हणाला तर तिथून निघा. आणि पैसे देण्याआधी ब्लॉकवरच्या इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं घासा, छाप घ्या, आणि बिलावरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा.