जळका सोफा आणि निर्धास्त आरोपी

सोफ्यावर पेट्रोल ओतून घर पेटवल्याचा संशय आहे ना? मग आरोपीला निष्णात वकील कशाला हवा? फोमचा नमुना घेणारे तुम्ही आहात की!

सुरुवात पिशवीपासून करा. किराणा दुकानातली पातळ पॉलिथिनची पिशवी उत्तम. तिच्यातून नमुन्याची वाफ बाहेर जाते आणि जीपमध्ये शेजारी ठेवलेल्या पेट्रोलच्या कॅनची वाफ आत येते, म्हणजे फिटंफाट. नायलॉनची खास पिशवी किंवा आतून लेप दिलेला, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हे नसते चोचले. डबा गळ्यात मारलाच कुणी, तर काठोकाठ ठासून भरा. वर एक तृतीयांश जागा मोकळी राहिली तर वाफ तिथे जमेल आणि सापडेल.

तुकडा सर्वांत काळाठिक्कर बघून उचला, तिथलं पेट्रोल केव्हाच उडालेलं असतं. बैठकीच्या बुडाशी, फरशीला टेकलेल्या भागात न जळलेला फोम द्रव धरून बसतो. तिकडे वाकायला गुडघे दुखतात. सगळ्या खोल्यांना कात्री एकच, हातमोजेही तेच, आणि घालण्याआधी जनरेटरमध्ये पेट्रोल भरून घ्यायला विसरू नका.

त्याच सोफ्याचा, पेट्रोल न पोचलेला तुकडा तुलनेसाठी घ्यायचा असतो म्हणे. अजिबात नको. फोम, रेक्झिन, गालिचा जळताना टोल्युइन, इथाइलबेन्झीन, स्टायरीन ही रसायनं आपोआप तयार होतात, आणि यांतली पहिली दोन पेट्रोलमध्येही असतात. तुलनेचा नमुना नसला की प्रयोगशाळेच्या आलेखावरचं (त्यात प्रत्येक घटकाचं एक शिखर उमटतं) कुठलं शिखर सोफ्याचं आणि कुठलं पंपावरचं, यावर बचाव पक्षाला दुपारभर बोलता येतं. (पंचांचंही जेवण होतं तेवढ्यात.)

प्रयोगशाळेत डब्यात वाफ शोषून घेणारी सक्रिय कोळशाची पट्टी टांगून 60 ते 80 अंशांवर सुमारे 16 तास ठेवायची पद्धत आहे. इतका वेळ कुणाला आहे? तापमान चढवा, फोम स्वतःच्याच वाफा सोडायला लागेल. नमुना भरपूर कोंबला असेल तर आणखी छान: पट्टी भरून जाते आणि जड घटक हलक्यांना तिच्यावरून हुसकावून लावतात. मग पट्टी कार्बन डायसल्फाइड या द्रावकात बुडवून जे उतरेल ते 'सी.ए. रिपोर्ट'मध्ये (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात) लिहा.

रिकाम्या डब्यात पट्टी टांगून कोरी चाचणी मात्र करू नका. त्यात पेट्रोल निघालं तर डब्यालाच अटक करावी लागेल.