तिसऱ्या नंबरचं सुतक

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५. दुपारी बाराचा सुमार. अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसच्या आमच्या ऑफिसात एकदम अशी शांतता पसरली, की मला वाटलं कुणाची तरी नोकरी गेली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी फोन पालथा घालून, डोळे मिटून बसला होता. मी हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

"तिसरे," तो म्हणाला.

मला आधी वाटलं, तिसरं अपत्य. मग उलगडा झाला. कॉलेज फुटबॉलचा (इथला, अंडाकृती चेंडूचा) मोसम सुरू व्हायला अजून काही दिवस होते आणि विद्यापीठांच्या टीमना नंबर लावणारी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची यादी बाहेर आली होती. पहिला नंबर टेक्सास, दुसरा पेन स्टेट आणि आमची, म्हणजे या गावाची, ओहायो स्टेट तिसरी.

इथे मी जी चूक केली, तिची फळं वर्षभर भोगली. मी म्हणालो, "अरे वा, चांगलाच की! १३६ टीममध्ये तिसरा नंबर!"

माझा चौथीत वर्गात तिसरा नंबर आला होता, तेव्हा वडिलांनी सांगलीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. वर्गात मुलं होती चाळीस. त्या हिशेबाने १३६ मध्ये तिसरा म्हणजे हत्तीवरून साखर वाटायची. पण ऑफिसातल्या आठ जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मयताला जाऊन 'जेवण छान होतं' म्हणालो.

त्यांचीही बाजू आहे म्हणा. ही टीम जानेवारीत राष्ट्रीय विजेती झाली होती. नॉत्र दामला ३४-२३ हरवून, अटलांटामध्ये. आता विजेत्याला तिसऱ्या पाटावर बसवलं तर कुठल्याही घरातला जावई रुसेल. त्यावर यादीवाल्यांचं म्हणणं असं, की त्या टीममधले १४ खेळाडू एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगवाल्यांनी उचलून नेले, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा गडी) नवा, मग पहिला नंबर द्यायचा कुणाला? टी-शर्टाला?

संध्याकाळी घरी आलो तर शेजारचे काका कुंपणापाशी माझीच वाट पाहत उभे. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारतो, इथली पद्धत म्हणून, पण घरात ते काकाच. वय सत्तरीचं, शर्ट बारा महिने लाल. आई जूनमध्ये आमच्याकडे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते तिला बघून ओरडले होते, "ओ-एच!" यावर समोरच्याने "आय-ओ!" असं उत्तर द्यायचं असतं, की 'ओहायो'ची इंग्रजी अक्षरं पुरी होतात. आई थबकली आणि मला म्हणाली, "बघ रे, त्यांना काहीतरी हवंय. 'ओ' म्हणून हाक मारतायत."

तर काकांनी मला अर्धा तास ती यादी समजावून सांगितली. देशभरातले ६५ पत्रकार प्रत्येकी २५ नावं लिहितात. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत शेवटच्याला एक. हा उद्योग १९३६ पासून चालू आहे आणि मोसमाआधीच नंबर लावायची खोड १९५० पासूनची. यंदा टेक्सासला पहिल्या नंबरची २५ मतं, पेन स्टेटला २३, दोघांत फरक अवघ्या पाच गुणांचा. मी आईला भाषांतर करून सांगत होतो. ती कोथिंबीर निवडत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मॅच किती झाल्या?"

"अजून एकही नाही."

"मग गुण कशाचे?"

हे मी काकांना इंग्रजीत सांगितलं. काका म्हणाले, हा प्रश्न विचारायचा नसतो.

आईला पुढे टेक्सासबद्दल कुतूहल. त्यांचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग. आजोबा क्वार्टरबॅक, पेटन आणि ईलाय हे दोन काका क्वार्टरबॅक, दोघांच्याही घरी दोन-दोन सुपर बाऊल, म्हणजे एनएफएलची विजेतेपदं. मुलाने स्वतः आदल्या मोसमात सुरुवातीपासून खेळलेले सामने दोन. आई म्हणाली, "म्हणजे स्थळच. मुलगा काय करतो विचारू नका, घराणं बघा." एवढ्या वर्षांत मला या यादीचा इतका नेमका खुलासा कुणी केला नव्हता.

काकांची मात्र कुठल्याही नंबराला तक्रार असते, हे माझं निरीक्षण आहे. पहिला दिला तर म्हणतात, आता सगळे आपल्या मागे लागणार, पोरं माजणार, बळी द्यायचा बेत दिसतोय. दुसरा दिला तर अपमान. तिसरा दिला तर कट, आणि त्या ६५ जणांत मिशिगनचे किती ते एकदा मोजा. मिशिगन हा शब्द अर्थात काका उच्चारत नाहीत. 'ती वरची टीम' म्हणतात, कारण ते राज्य नकाशात वर आहे. नाव न घेण्याचं कारण असं, की त्या वरच्या टीमने तोवर ओहायो स्टेटला लागोपाठ चार वेळा हरवलं होतं, चौथ्यांदा तर ज्या मोसमात आपण विजेते झालो त्याच मोसमात, १३-१०. आईला हे लगेच पटलं. "आमच्या सासूबाईसुद्धा मामंजींचं नाव घेत नसत," ती म्हणाली. "मग हे उखाण्यात तरी घेतात का?" हे काही मी भाषांतर केलं नाही.

दोन दिवसांनी काका एकदम टवटवीत. राग मुरला होता आणि त्याचं लोणचं झालं होतं. आता तेच म्हणत होते, "बरं झालं तिसरे ठेवलं! पोरं पेटून उठतील." आमच्या गावाला विजयापेक्षा अपमान जास्त पचतो, असं माझं मत होत चाललंय. मग त्यांनी ही यादी कशी तोंडावर पडते याचे दाखले द्यायला सुरुवात केली. २०२४ ला दहाव्या नंबरावर ठेवलेली फ्लोरिडा स्टेट बारापैकी दहा सामने हरली. आणि २००७ ला ती वरची टीम, पाचवा नंबर, स्वतःच्या मैदानावर, पहिल्याच सामन्यात, खालच्या गटातल्या ॲपलाचियन स्टेटकडून ३४-३२ हरली! हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर असं तेज येतं, की कुणी त्यांना ओवाळावं.

त्या शनिवारी त्यांच्याकडे बार्बेक्यू. आईने स्टीलचा मोठा डबा भरून कोथिंबीर वडी नेली. काकांनी तिच्या हातावर एक बकआय ठेवला. ही इथल्या एका झाडाची बी. मोठ्या चिंचोक्यासारखी चकचकीत तपकिरी, वर एक फिकट डोळा. टीमचं 'बकआईज' हे टोपणनाव यावरूनच. खिशात ठेवला की नशीब फळफळतं म्हणतात. आईने तो चावायच्या बेताने तोंडाजवळ नेला आणि मी ओरडलो, कारण कच्चा बकआय विषारी असतो. मग तिने तो पदराच्या टोकाला बांधला.

खाणं झाल्यावर प्रत्येकाने विजेता सांगायचा होता. सगळ्यांनी ओहायो स्टेट सांगितलं. माझी आधीच बदनामी झालेली, म्हणून मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने सांगितलं. आईने यादी वाचून मागितली. मी वाचत वाचत विसाव्या नंबरावर आलो. इंडियाना.

"हे आपले," आई म्हणाली. "नावातच आहे."

काका हसून हसून खुर्चीत आडवे झाले. इंडियाना म्हणजे ज्यांच्या नावावर हरण्याचा विक्रम होता. आदल्या वर्षी पत्रकारांनी त्यांना बिग टेन या आमच्याच गटातल्या अठरा टीममध्ये सतरावा नंबर दिला होता आणि ते बारापैकी अकरा सामने जिंकून बसले, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, पण एकदा होतं असं, म्हणून सोडून दिलेलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. ३० ऑगस्टला टेक्सास इथे आली आणि १४-७ हरून गेली. पेन स्टेटने ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लागोपाठ तीन सामने घालवून आपला कोचही घालवला. आम्ही पहिल्या नंबरावर! गावात दिवाळी, आणि काका? काका आजारी पडल्यासारखे. "पहिला नंबर," ते कुजबुजले, "आता नजर लागणार." आईने त्यांच्या अंगणातल्या झेंड्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मिरच्या मी जाळू दिल्या नाहीत, स्मोक अलार्म वाजतो. नोव्हेंबरच्या शेवटी ती वरची टीम २७-९ अशी आडवी झाली आणि काका माझ्या गळ्यात पडून रडले. दृष्ट उतरवल्याचा गुण, असं त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई परत गेली. त्याच आठवड्यातल्या शनिवारी इंडियानाने आम्हाला १३-१० हरवलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मायामीनेही हरवून बाद फेरीतून बाहेर काढलं. काकांनी नवीन वर्षाचे दिवे लावले नाहीत. आणि जानेवारीत इंडियाना त्याच मायामीला हरवून, सोळापैकी सोळा सामने जिंकून, राष्ट्रीय विजेती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीवरचा बर्फ खरवडत होतो. काका त्यांच्या फाटकाशी आले. लाल शर्टावर कोट. ऑगस्टनंतर प्रथमच ते 'ओ-एच' म्हणाले नाहीत.

"आई परत कधी येतेय?"

"बघू, जूनमध्ये वगैरे."

"ऑगस्टच्या आधी येऊ दे," ते म्हणाले. मग इकडे-तिकडे बघून आवाज खाली आणत, "तोवर फोनवर विचारता येईल का?"

त्या रात्री मी व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. इंडियाना जिंकली, काका तुला मानायला लागलेत, पुढच्या वर्षी कोण ते विचारतायत. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते सांगते," ती म्हणाली. "आधी माझा वड्यांचा डबा परत केला का ते विचार."